हळद, चहा, गंज आणि चीक : कपड्यांवरचे चिवट डाग घरच्या घरी कसे काढावेत

डाग काढण्याविषयी घरोघरी जे सल्ले मिळतात, त्यांपैकी बरेचसे मुळात बरोबर असतात, पण ते भलत्याच डागावर वापरले जातात. लिंबाने गंज निघतो, मात्र रक्ताच्या डागाला त्याचा उपयोग होत नाही. गरम पाण्याने तूप सुटते आणि त्याच पाण्याने रक्त कापडात पक्के बसते. आमच्या घरी जेवणाचे डबे देण्याचा व्यवसाय असल्यामुळे एप्रन, हात पुसायची फडकी आणि डबे बांधायचे रुमाल यांवर हळद, तेल आणि चहा हे डाग नित्याचे आहेत. ते काढता काढता जे पक्के समजले, ते नव्याने घर मांडणाऱ्या किंवा शिक्षण-नोकरीसाठी एकट्याने राहू लागलेल्या मंडळींसाठी येथे क्रमाने लिहीत आहे.

जवळ ठेवण्याचे साहित्य

• भांडी घासायचे लिक्विड, शक्यतो फिकट रंगाचे.
• एन्झाइम (प्रथिने पचवणारे घटक) असलेली धुण्याची पावडर. पाकिटावर तसा उल्लेख असतो.
• ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. व्हॅनिशसारख्या डाग काढायच्या पावडरींमध्ये काम करणारा मुख्य घटक हाच असतो.
• हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधांच्या दुकानात ‘२० व्हॉल्यूम’ अशा नावाने मिळते ते सुमारे ६ टक्के तीव्रतेचे असते. तेवढेच पाणी मिसळले की ३ टक्क्यांचे होते आणि कपड्यांना तेवढे पुरते.
• सर्जिकल स्पिरिट, पांढरे व्हिनेगर, लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड, मीठ, टाल्कम पावडर.
• जुना मऊ दातांचा ब्रश, बोथट चमचा, रबरी हातमोजे आणि भरपूर पांढरी सुती फडकी. रंगीत फडक्याने डाग टिपला तर त्याचाच रंग कपड्याला लागण्याची भीती असते.

१. काय एकत्र करू नये, हे आधी वाचा

क्लोरीन ब्लीच (रिन आला किंवा तत्सम, ज्यात सोडियम हायपोक्लोराइट असते) आणि कोणतेही आम्ल, मग ते व्हिनेगर असो, लिंबू असो किंवा संडास साफ करायचे ॲसिड असो, कधीही एका बादलीत येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही हे ब्लीच विषारी वायू सोडते. एका उपायाने डाग निघाला नाही आणि दुसरा करायचा असेल, तर मधे कपडा भरपूर पाण्याने खळबळून घ्यावा.

परकार्बोनेट पाण्यात कालवून झाकणबंद बाटलीत भरून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. त्यातून सतत ऑक्सिजन सुटत असल्यामुळे दाबाने बाटली फुटू शकते, म्हणून लागेल तेवढेच ताजे कालवावे आणि उरलेले ओतून द्यावे. कोणतेही रसायन पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ठेवू नये, हे लहान मुले असलेल्या घरात तरी सांगावे लागू नये.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर जो फेस येतो, त्याचे कौतुक फार होते. प्रत्यक्षात दोघे एकमेकांचा प्रभाव मारतात आणि मागे जवळजवळ खारट पाणी उरते. दोन्ही वस्तू उपयोगी आहेत, पण वेगवेगळ्या वेळी.

२. कापड ओळखा

कॉलरच्या आत किंवा बाजूच्या शिवणीत असलेली पट्टी वाचा. त्रिकोणावर फुली असेल तर कोणतेही ब्लीच चालत नाही, त्रिकोणात दोन तिरप्या रेघा असतील तर फक्त ऑक्सिजन ब्लीच चालते आणि त्रिकोण रिकामा असेल तर क्लोरीन ब्लीचही चालते. पाण्याच्या टबावर फुली असलेला कपडा घरी भिजवू नये.

पट्टी नसेल, आणि हातमागाच्या किंवा शिंप्याकडून शिवून घेतलेल्या कपड्यांना ती नसतेच, तर जे काही लावायचे आहे त्याचा एक थेंब आतल्या शिवणीवर टाकून पाच मिनिटांनी पांढरा कापूस दाबून पाहावा. कापसावर रंग उतरला तर थांबावे. नैसर्गिक रंगात छापलेली खादी, नीळवर्णी कापडे आणि बांधणी यांच्या बाबतीत ही चाचणी टाळण्याची सोयच नाही. रेशीम आणि लोकर यांचे नियम वेगळे असल्यामुळे ते शेवटी दिले आहेत.

३. पहिली पाच मिनिटे

डाग ताजा असताना निम्मे काम नुसत्या टिपण्याने होते. घट्ट भाग चमच्याने उचलून घ्यावा आणि पातळ भाग फडक्याने दाबून टिपावा. घासू नये, कारण घासल्याने डाग पसरतो आणि धाग्यात खोल जातो. टिपताना कडेकडून मध्याकडे यावे. नंतर कपडा उलटा करून मागच्या बाजूने नळाची बारीक धार सोडावी, म्हणजे डाग ज्या बाजूने आत शिरला त्याच बाजूने बाहेर पडतो.

पाणी थंडच घ्यावे. डाग कशाचा आहे हे ठाऊक नसेल तेव्हा तर नक्कीच, कारण थंड पाण्याने सहसा काही बिघडत नाही आणि गरम पाण्याने बिघडलेले सहजी सुधारत नाही. अपवाद फक्त बॉलपेनच्या शाईचा आणि तेलाचा. या दोन्ही डागांवर आधी पाणी घालू नये.

४. हळद

महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरातला हा सर्वांत चिवट डाग असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहितो. हळदीतला पिवळा रंग कर्क्युमिन या द्रव्याचा असतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये मात्र सहज विरघळतो. सुती कापडाला तो रंग पक्का करणाऱ्या तुरटीशिवायही धरतो आणि म्हणूनच हळद जुन्या काळापासून कापड रंगवायलाही वापरली गेली आहे. आमटीचा किंवा भाजीचा डाग म्हणजे फोडणीच्या तेलात विरघळलेली हळद असते, त्यामुळे आधी तेल काढल्याशिवाय हळदीपर्यंत पोहोचताच येत नाही.

म्हणून पहिली पायरी अशी, की कोरड्याच डागावर भांड्यांचे लिक्विड थेट लावावे, ब्रशने हलके थोपटावे आणि पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. त्यानंतर पाण्याने धुवावे.

दुसरी पायरी घाबरून न जाण्याची आहे. धुण्याचा साबण लागताच पिवळा डाग लालभडक होतो आणि नव्या माणसाला वाटते की कपडा वाया गेला. कर्क्युमिन क्षारात लाल होते, आणि हळदीला चुना लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. भरपूर पाण्याने खळबळले किंवा व्हिनेगरचे चार थेंब टाकले की रंग परत पिवळा होतो. लाल होणे म्हणजे डाग वाढणे नव्हे. उलट हळद नेमकी कोठे उरली आहे हे त्यामुळे दिसते.

तिसरी पायरी स्पिरिटची. डागाखाली पांढऱ्या फडक्याची घडी ठेवून वरून स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस दाबत राहावा. खालच्या घडीवर पिवळा रंग उतरताना दिसतो. घडीची जागा सतत बदलावी, नाहीतर सुटलेला रंग पुन्हा कापडात शिरतो. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून दूर करावे.

चौथी पायरी उन्हाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत परिणामकारक व सर्वांत स्वस्त आहे. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. कपडा ओला करून, डाग वर येईल असा, दुपारच्या कडक उन्हात पसरावा आणि वाळला की पुन्हा ओला करावा. एप्रिल-मे महिन्यांत आमचे पांढरे पंचे सकाळी पिवळे वाळत घातलेले संध्याकाळी जवळपास स्वच्छ होऊन येतात. रंगीत कपड्यावर मात्र ऊन डागाबरोबर कपड्याचा रंगही खाते, तेव्हा तेथे थोडा थोडा वेळच ऊन द्यावे आणि मधूनमधून पाहत राहावे.

पावसाळ्यात ऊन नसते तेव्हा परकार्बोनेटचा आधार घ्यावा. एक लिटर गरम पाण्याला एक मोठा चमचा पावडर घ्यावी. पाणी इतके गरम असावे की हात घालवेल, पण फार वेळ ठेवता येणार नाही. पांढरे सुती कापड त्यात तासभर किंवा त्याहून अधिक वेळ भिजवावे. हे पाणी क्षारयुक्त असल्यामुळे डाग आधी लाल होतो आणि मग फिका पडत जातो. पाणी निवले की ही पावडर मंदावते, म्हणून दुसऱ्या फेरीसाठी नवे पाणी करावे.

५. चहा, कॉफी, फळे आणि पान

चहा, कॉफी, डाळिंब, काजूची बोंडे आणि पानातला कात हे सगळे टॅनिनचे, म्हणजे वनस्पतींतल्या तुरट द्रव्याचे, डाग होत. डाळिंबाच्या सालीने आणि काताने कापड रंगवण्याची पद्धत जुनी आहे, तेव्हा हे डाग धरून बसतात यात नवल नाही. येथे साबणाची वडी घासणे टाळावे, कारण साबणाने हे डाग अधिक पक्के होतात. लिक्विड डिटर्जंट वापरावे.

आपल्या चहात दूध असते, म्हणजे त्या एका डागात प्रथिन, स्निग्धांश आणि टॅनिन असे तिघे एकत्र बसलेले असतात. आधी थंड पाण्याने दूध काढावे, मग लिक्विड लावून अर्धा तास ठेवावे, नंतर एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यांनी टिपावे, आणि तरीही तांबूस छटा उरली तर खळबळून परकार्बोनेटमध्ये भिजवावे. पानाच्या पिंकेवर चुना असल्यामुळे आधी लिंबू किंवा आंबट ताक लावून तो मारावा आणि मग हाच क्रम धरावा.

जांभूळ, कोकम यांचा ताजा डाग पांढऱ्या जाड सुती कापडावर असेल, तर कापड पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधावे आणि जरा उंचावरून उकळते पाणी ओतावे. डाग बघता बघता उतरतो. दूध, आइस्क्रीम किंवा दही मिसळलेल्या फळांच्या डागावर हा उपाय करू नये.

टॅनिनचा डाग असलेला कपडा लोखंडी बादलीत किंवा लोखंडाचा अंश असलेल्या बोअरच्या पाण्यात भिजत ठेवू नये. टॅनिन आणि लोखंड यांचा काळा रंग तयार होतो. हिरडा आणि लोखंड वापरून कापड काळे रंगवणारे कारागीर हेच जाणूनबुजून करतात.

६. रक्त आणि घाम

रक्ताला थंड पाणी आणि मीठ. भिजवून पाणी गुलाबी झाले की बदलावे. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवून मग एन्झाइमच्या पावडरीत रात्रभर भिजवावे. वाळलेल्या डागावर, कपडा पांढरा असेल तर, ३ टक्के पेरॉक्साइड टाकावे. फसफसून फेस येतो तो रक्तातल्या एका एन्झाइममुळे. फेस टिपून घ्यावा, पुन्हा टाकावे आणि फेस येणे थांबले की धुवावे.

काखेतले पिवळे डाग म्हणजे घाम, त्वचेचे तेल आणि घाम रोखणाऱ्या प्रसाधनातले ॲल्युमिनियमचे क्षार यांचा थर असतो. त्यावर क्लोरीन ब्लीच टाकले तर पिवळेपणा वाढतो, आणि पांढरा शर्ट खराब होण्याचे हे फार मोठे कारण आहे. त्याऐवजी व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास ठेवावे, नीट खळबळावे, भांड्यांचे लिक्विड लावून ब्रश फिरवावा आणि शेवटी परकार्बोनेटमध्ये भिजवावे. कॉलरवरच्या काळ्या रेघेला नुसते लिक्विड पुरते, कारण ती मुख्यतः तेलाची आणि मळाची असते. नीळ घातल्याने पिवळेपणा झाकला जातो, निघत नाही. तेव्हा नीळ अगदी शेवटी.

७. तेल, तूप, वंगण, मेण

तेलाच्या डागावर टाल्कम पावडर किंवा मैदा दाबून तासभर ठेवावा, झटकावा, मग लिक्विड लावून कापडाला चालेल तेवढ्या गरम पाण्याने धुवावे. दुचाकीच्या साखळीचे वंगण किंवा डांबर लागले असेल तर प्रथम थोडे खोबरेल तेल चोळून ते सैल करावे. तेलाने तेल काढणे विचित्र वाटेल, पण वाळलेले वंगण त्यानेच हलते. नंतर तेच तेल लिक्विडने काढावे. रॉकेल आणि पेट्रोल यांचा सल्ला आजही दिला जातो. त्यांची वाफ पेट घेते आणि तसा कपडा वॉशिंग मशिनमध्ये घालणे धोक्याचे असल्यामुळे मी तो देणार नाही. मेण बर्फाने कडक करून खरवडावे, उरलेले दोन कागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्रीने कागदात उतरवावे.

८. शाई

बॉलपेनच्या डागावर पाणी न घालता स्पिरिट वापरावे, हळदीसाठी सांगितले तसेच खाली घडी ठेवून. सॅनिटायझर चालते ते त्यातल्या अल्कोहोलमुळेच. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र पट्टी वाचल्याशिवाय वापरू नये, कारण त्यातल्या ॲसिटोनने ॲसिटेट प्रकारचे कापड विरघळते आणि डागाच्या जागी भोक राहते. जेल पेनची शाई पुष्कळदा पूर्ण निघत नाही. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती शाई सिल्व्हर नायट्रेटची असते आणि उजेडात काळी पडते; ती कपड्याला लागली तर घरगुती प्रयत्नांत वेळ घालवू नये.

९. गंज आणि बुरशी

वाळत घालायची लोखंडी तार हे गंजाच्या डागांचे मुख्य उगमस्थान आहे. तेथे नायलॉनची दोरी बांधणे हा पहिला उपाय. डागावर मीठ आणि लिंबाचा रस घालून कपडा उन्हात ठेवावा, किंवा एका पेल्यात गरम पाणी घेऊन त्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड विरघळवून डागाचा भाग बुडवावा. डाग फिका होत जातो. नंतर खूप पाण्याने धुवावे, कारण आम्ल सुती धाग्यात राहून वाळले तर धागा कमकुवत होतो. बाजारातल्या गंज काढणाऱ्या द्रवांत पुष्कळदा ऑक्झॅलिक ॲसिड असते. ते विषारी असल्यामुळे हातमोजे घालूनच वापरावे.

गंजावर क्लोरीन ब्लीच टाकले तर डाग पक्का होतो. पेरॉक्साइड किंवा परकार्बोनेट टाकले तर लोखंडामुळे त्याचा मारा एकाच जागी इतका तीव्र होतो की कापडाला बारीक भोके पडतात. म्हणून एकाच कपड्यावर गंज आणि हळद दोन्ही असतील तर गंज आधी काढावा.

बुरशीचा कपडा आधी घराबाहेर नेऊन कोरडाच ब्रशने झटकावा. पांढऱ्या सुती कपड्याला पट्टीवर परवानगी असेल तर क्लोरीन ब्लीच, रंगीताला परकार्बोनेट, आणि शेवटी दोन्हींना ऊन. जुने काळे ठिपके धाग्यातच शिरलेले असतात आणि त्यांची सावली उरते. पावसाळ्यात दमट कपडे घडी करून कपाटात ठेवल्यानेच हे होते, तेव्हा पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत घडी घालू नये.

१०. चीक

फणसाचा चीक तेलाने सुटतो. कापण्यापूर्वी सुरीला आणि हाताला आपण तेल लावतो ते त्यासाठीच. कपड्यावरही खोबरेल तेल चोळून, खरवडून, मग लिक्विड लावावे. केळीचा चीक लागतो तेव्हा दिसतही नाही आणि हवा लागल्यावर तपकिरी-काळा होतो. लगेच धुतला तर आशा असते. वाळल्यावर पांढऱ्या कपड्यावर परकार्बोनेटने तो फिका होतो, रंगीत कपड्यावर बहुधा राहतोच. केळफूल सोलताना जुना कपडा घालावा, यापलीकडे मला खात्रीचा उपाय सापडलेला नाही.

११. रेशीम, लोकर आणि जरी

रेशीम आणि लोकर स्वतःच प्रथिनांची बनलेली असल्यामुळे प्रथिन पचवणारी एन्झाइमची पावडर त्यांचे धागेही पचवू लागते. क्लोरीन ब्लीच तर त्यांना नष्टच करते. साध्या रेशमी साडीला रिठ्याचे थंड, गाळलेले पाणी चालते. पिळू नये, पंच्यात गुंडाळून दाबावे आणि सावलीत वाळवावे. पैठणीवर किंवा जरीच्या कोणत्याही वस्त्रावर लिंबू, व्हिनेगर, पेरॉक्साइड यांपैकी काहीही लावू नये, कारण जरीचा धागा काळा पडतो. लग्नाच्या पंक्तीत पैठणीवर आमटी सांडलीच, तर फक्त टिपून टाल्कम पावडर दाबून ठेवावी आणि दुसऱ्याच दिवशी ती ड्रायक्लीनिंगला द्यावी.

१२. इस्त्रीपूर्वीची तपासणी

धुतलेला कपडा ओला असतानाच दारात किंवा गच्चीत नेऊन दिवसाच्या उजेडात पाहावा. ट्यूबलाइटखाली हळदीची पुसट छटा दिसत नाही. डाग थोडाही उरला असेल तर इस्त्री करू नये आणि ड्रायरमध्येही टाकू नये, कारण उष्णतेने तो पक्का होतो. त्याच उपायाची दुसरी फेरी करावी. प्रत्येक वेळी नवा उपाय शोधण्यापेक्षा योग्य उपाय दोनदा केलेला बरा.

तीन फेऱ्यांनंतरही फरक दिसत नसेल तर कपडा लाँड्रीत द्यावा आणि तेथे तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : डाग कशाचा आहे, कधी पडला आणि त्यावर घरी काय काय लावून झाले आहे. यांतली तिसरी गोष्ट सांगायला लोक संकोचतात, पण लाँड्रीवाल्याला सर्वांत जास्त गरज तिचीच असते, कारण कापडात उरलेल्या ब्लीचवर त्याने आम्ल वापरले तर कपड्याबरोबर त्यालाही त्रास होऊ शकतो. डागाभोवती खडूने गोल करून दिला तर तो शोधण्यात त्याचा वेळ जात नाही.